फळ्यांच्या वाटेवर

माझा नवरा श्रीरंग कामासाठी स्टुटगार्टला गेला होता. रविवार सकाळपासून घरात बसून मी आणि अन्वी एकमेकींवर डाफरायला लागलो, तेव्हा मी गाडी काढली. जर्मनीत आम्ही राहतो त्या ब्राउनश्वाइगहून हार्त्सचे डोंगर तासाभरावर. तिथल्या टॉर्फहाउसच्या पार्किंगमध्ये एरवी जागा मिळत नाही. त्या दुपारी धुकं होतं आणि तीनच गाड्या होत्या.

मी गाड्यांचे ब्रेक तपासणारी इंजिनिअर. मोजल्याशिवाय काही मानत नाही. अन्वी माझी मुलगी, सहा वर्षांची. तिला मराठी नीट कळते, पण बोलायला शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी मराठीत विचारायचं, तिनं जर्मनमध्ये उत्तर द्यायचं. मला याचा रागच यायचा, आणि त्या सकाळी तो मी तिच्यावर काढलाही होता.

किड्यांनी पोखरलेली झाडं करडी होऊन उभी होती. फांद्यांवरून पाणी ठिबकत होतं. जंगल संपलं आणि दलदल सुरू झाली. तिच्यावरून लाकडी फळ्यांची अरुंद वाट गोल फिरून पुन्हा पार्किंगलाच येते. दोन्ही बाजूंना भिजलेलं शेवाळ, काळं पाणी, मळका बर्फ. मी पुढं, अन्वी मागं. फळ्या निसरड्या होत्या, म्हणून मी पायाकडे बघत चालले होते.

"सावकाश ये गं," मी म्हणाले.

"हो आई. तू पण जपून चाल."

मी वळले. पिवळं जॅकेट, टोपी, नाकापर्यंत मफलर. डोळे हसत होते.

"काय म्हणालीस?"

"पाय घसरेल ना तुझा, म्हणून म्हटलं."

खरं तर आनंद व्हायला हवा होता. माझ्या अंगावर काटा आला. उच्चार स्वच्छ, जर्मन हेल कुठंच नाही. सकाळी हीच मुलगी 'पाणी' म्हणायला तयार नव्हती.

तेवढ्यात पुढून रडण्याचा आवाज आला. "वो बिस्ट डू?" कुठं आहेस तू, असं कुणीतरी विचारत होतं. आवाज अन्वीचा.

मी धावले. वळणावर पिवळं जॅकेट उभं होतं. टोपी नाही, गुडघ्यापर्यंत भिजलेली, हुंदके देणारी. हनुवटीवर अन्वीचाच तीळ.

मागून पावलं आली. "आई, ही कोण आहे?"

माझी मुलगी मराठी बोलत नाही, एवढं एकच मला पक्कं माहीत होतं.

जर्मन बोलणारीला उचललं आणि पळत सुटले.

"आई, थांब ना! आई, मी आहे गं!"

फळ्यांवर पावलं वाजत राहिली. मग पाण्यात काहीतरी पडलं.

मग काहीच नाही.

मी वळून पाहिलं नाही.

घरी अन्वीनं गरम पाण्यानं अंघोळ केली, मग ती सूप प्यायली, जर्मनमध्ये बडबडली. मी तिला पुन्हा पुन्हा जवळ घेत होते. संध्याकाळी पुण्याहून माझ्या आईचा व्हिडिओ कॉल आला.

"काय गं, बोलली का?" आई हसत होती. "चार महिने शिकतोय आम्ही दोघी, तू ऑफिसात असताना, श्रीरंगच्या फोनवरून. रविवारी आईला चकित करते म्हणाली होती."

मी वळून सोफ्याकडे पाहिलं.

"अगं, दे ना तिला फोन."

अन्वी सोफ्यावरून उठून आली. तिनं स्क्रीनवरच्या माझ्या आईकडे नीट निरखून पाहिलं आणि मला जर्मनमध्ये विचारलं, या बाई कोण.