यानातली सातवी खुर्ची

विषय : ‘ध्रुवापलीकडे’ या जुन्या अंतराळमालिकेवरील चित्रकथांच्या पुनर्मुद्रणास परवानगी मिळण्याबाबत.

संदर्भ : १) प्रकाशकांचा अर्ज. २) त्यावर कार्यालयाने घेतलेली हरकत. ३) माझ्या थोरल्या भावाच्या पलंगाजवळची वेताची खुर्ची.

तिसऱ्या संदर्भाला आवक क्रमांक नाही, याची मला जाणीव आहे. पण हा अर्ज ज्या प्रसारण कार्यालयात पडून आहे तिथेच मी केस पिकवले. कोणता कागद फाइलला लावायचा आणि कोणता मनात ठेवायचा, एवढे मला कळते. खुर्ची मनात ठेवली होती. आता ती जड होऊ लागली आहे, म्हणून सांगतो.

‘ध्रुवापलीकडे’ लागायची तेव्हा आमच्या रस्त्यावर टीव्ही एकाच घरी होता. आमच्या बरोब्बर समोर, पहिल्या मजल्यावर, शिक्षिकाबाईंकडे. मालिकेच्या वारी त्यांच्या दाराशी चपलांचा ढीग पडायचा आणि परतताना निम्मे लोक एक चप्पल आपली, एक दुसऱ्याची घालून घरी यायचे. मालिका तशी गरीबच होती. यान पुठ्ठ्याचे, भिंतीवरचे दिवे लुकलुकता लुकलुकता मधेच दमायचे आणि प्रत्येक नवा ग्रह म्हणजे तीच ती दगडाची खाण. तरी कप्तान काचेबाहेर बघून डोळे बारीक करायचा तेव्हा आम्ही पोरेही डोळे बारीक करायचो.

यानात माणसे सहा आणि खुर्च्या सात. सुताराला सातांचे सांगितले असेल आणि पगार सहांचाच मंजूर झाला असेल. असे होते. कप्तान मात्र अधूनमधून त्या रिकाम्या खुर्चीकडे वळायचा, काहीतरी विचारायचा, जरा थांबायचा आणि मान डोलवायचा.

“विसरला, विसरला! पुढचं वाक्य विसरला!” आम्ही ओरडायचो.

“गप्प बसा रे,” शिक्षिकाबाई म्हणायच्या, “त्याला ऐकू द्या.”

या मालिकेच्या चित्रकथा माझा दादा काढायचा, आणि त्याने मालिकेचा एकही भाग पाहिलेला नव्हता. पाने सकाळी छापखान्यात पोचवायची असत, त्यामुळे आम्ही सगळे समोर गेलो की तो खिडकी लावून कामाला बसे. प्रकाशकाने त्याला पटकथा दिल्या होत्या आणि सेटवरचा एक फोटो. फोटोवर पेन्सिलने बारीक चौकोन पाडायचे, कागदावर तितकेच, पण मोठे पाडायचे आणि एकेक चौकोन उतरवून झाला की फोटोवर तिथे खूण करायची, ही त्याची पद्धत. यानाच्या शेपटीतून आगगाडीसारखा धूर सोडण्याची कल्पना मात्र त्याची स्वतःची. पण टीव्हीला जे परवडत नव्हते ते त्याच्या शाईला परवडायचे. काचेचे समुद्र, उलटे वाढणारे डोंगर, डोंगराएवढी जनावरे. अंकावर प्रकाशकाचे नाव असे, मुद्रकाचे असे, कागद पुरवणाऱ्याचेही असे. दादाचे कुठेच नसे.

आता इतक्या वर्षांनी एका तरुण संपादक बाईंनी ते सगळे अंक एका जाड पुस्तकात काढायचे ठरवले आणि मुखपृष्ठावर दादाचे नाव, तेही ठळक. दादाची नजर गेल्या वर्षापासून उतरणीला लागली आहे. पुढे नुसता उजेड आणि अंधार कळेल, असे डॉक्टर म्हणतात.

“लवकर कर रे,” दादा मला म्हणाला. “नाव बोट फिरवून वाचायची वेळ आणू नकोस.”

म्हणून मी जातीने कार्यालयात गेलो. खिडकीवर माझ्याच हाताखाली तयार झालेला कारकून बसतो. सगळे त्याला हरकतबाबू म्हणतात.

“साहेब, मालिकेत माणसं सहा. चित्रांत सात. सातव्याचं संमतीपत्र कुठाय?”

“तो कोण, हेच कुणाला ठाऊक नाही.”

“हयात असेल तर त्याचं आणा. नसेल तर वारसांचं.”

“आणि दोन्ही नसेल तर?”

“त्याला रकाना नाही, साहेब. तुम्हीच शिकवलंत.”

संपादक बाईंच्या कचेरीत आम्ही एका जुन्या भागाचे चित्रण लावले आणि त्याच भागाचा अंक शेजारी उघडून ठेवला. भर दुपार होती, बाहेर कोणीतरी भिंतीत खिळा ठोकत होते. पडद्यावर कप्तान रिकाम्या खुर्चीकडे वळला. “बाहेर काय दिसतंय?” तो म्हणाला. थांबला. मग मान हलवून म्हणाला, “मलाही तसंच वाटलं होतं.”

अंकात ती खुर्ची रिकामी नव्हती. तिच्यात एक शांत, लांबट चेहऱ्याचा माणूस बसला होता, आणि त्याच्या तोंडाशी संवादाचा फुगा होता : ‘दिवे दिसतात. आपलेच. पण आपण लावलेले नाहीत.’

बाईंनी दुसरा भाग लावला. मग तिसरा. कप्तान जिथे जिथे थांबे, तिथे तिथे अंकात सातव्याचा फुगा होता. तेवढ्याच लांबीचा, वाचून होईस्तोवर कप्तानाची मान हलायची.

“काका,” बाई हळूच म्हणाल्या, “तुमच्या भावानं मालिका बघितलीच नव्हती ना?”

दुसऱ्या दिवशी मी दादाकडे तो जुना फोटो मागितला. पुतणीने कपाटातून शोधून दिला. कडा पिवळ्या पडल्या होत्या, पेन्सिलीचे चौकोन तसेच होते. फोटोत सहाच माणसे. सातवी खुर्ची रिकामी. सगळ्या चौकोनांवर खुणा होत्या, फक्त खुर्चीच्या चौकोनावर नव्हती.

“दादा, हा चौकोन तू उतरवलाच नाहीस?”

“राहिला होता. डोळा लागला. उठून बघतो तर… बसलेला होता.”

“आणि तू तसंच छापायला दिलंस?”

“चेहरा चांगला होता रे.” तो जरासा हसला. “तुम्ही सगळे समोर जायचात. घर कसं खायला उठायचं. पटकथेत कप्तानाची दोन वाक्यं लागोपाठ असायची, मला मध्ये काहीतरी राहिल्यासारखं वाटायचं. मग मी विचारायचो.”

“कुणाला?”

दादाने पुतणीला चहा टाकायला सांगितले.

संपादक बाईंनी उपाय काढला. सातव्याला संगणकावर पुसायचे, खुर्ची रिकामी करायची, मालिकेत आहे तशी. हरकतीला जागाच नाही. मला तो लगेच पटला. मी तो दादाला सांगितला.

“पुसा,” तो म्हणाला. “पण मग तो बसेल कुठे?”

“सेवानिवृत्त झाला म्हणावं. माझ्यासारखा घरी बसेल,” मी म्हणालो. माझ्या विनोदावर मीच हसलो, ही नोकरीतली जुनी सवय.

नवी पाने गेली, हरकत निघाली. तीच बातमी घेऊन मी संध्याकाळी दादाकडे, आमच्या जुन्या घरी, गेलो. दिवेलागणीची वेळ होती आणि खोलीत अजून दिवा लावलेला नव्हता. आत पाऊल टाकले तो शाईचा वास आला, ओल्या, ताज्या शाईचा. दादाच्या दौती सुकून कित्येक वर्षे झाली. मी नेहमीप्रमाणे वेताची खुर्ची ओढायला गेलो.

“तिथे नको,” दादा म्हणाला. “पलंगावर बस.”

खुर्चीत कोणी नव्हते. पण वेत मध्ये खाली दबलेला होता… कोणी बसल्यावर दबतो, तसा. मी बघत असतानाच तो हलकेच करकरला.

दादाने मान तिकडे वळवली. “बाहेर काय दिसतंय?” त्याने विचारले. थांबला. मग मान डोलवली.

“मलाही तसंच वाटलं होतं.”

“काय वाटलं होतं, दादा?”

“लागली मालिका. समोर सगळे जमलेत म्हणे…” इतका खूश आवाज मी त्याचा लहानपणापासून ऐकला नव्हता. “दरवेळी मी एकटा मागे राहायचो. यावेळी येतो म्हटलंय त्याला.”

मी खिडकीशी गेलो. शिक्षिकाबाईंचे घर पाडले त्याला एक पिढी उलटली. समोर नुसता मोकळा प्लॉट आहे, त्यात गवत. त्या गवतावर, पहिला मजला जिथे होता तितक्या उंचीवर, निळसर उजेड लुकलुकत होता. लुकलुकता लुकलुकता मधेच दमत होता. मी पडदा ओढला. दोनदा ओढला, हे लिहायला हरकत नसावी.

घरी पोचतो तो संपादक बाईंचा फोन.

“काका, जुनी चित्रणं परत बघत होते. कप्तान… थांबतच नाही आता. दोन्ही वाक्यं लागोपाठ म्हणतो.”

दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात नवा अर्ज दिला : मंजूर झालेली पाने रद्द करून सातव्या इसमास मूळ जागी पूर्ववत बसवण्यात यावे. दादाला सांगितले, पुस्तक लांबेल, नावही लांबेल. तो म्हणाला, “नावाचं काय एवढं?” आणि खुर्चीकडे बघून हसला. तेव्हापासून मी रोज संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी तिथे जातो, पडदा ओढतो आणि त्याचा हात धरून बसतो.

हरकतबाबूने अर्ज दोनदा वाचला. “पूर्ववत करायचं तर पुन्हा संमती लागेल, साहेब.”

“कुणाची?”

“त्याचीच.”

मला हसू आले नाही. त्यालाही नाही.

दादा चालत नाही, म्हणून पुतणीने त्याच्या चपला केव्हाच कपाटात बांधून ठेवल्या आहेत. काल मी निघालो तेव्हा दाराशी एक जोड मांडलेला होता, तोंड रस्त्याकडे करून. पुतणी म्हणाली, मी नाही काढला. मी वाकून पाहिले. एक चप्पल दादाची होती. दुसरी त्या घरातल्या कोणाचीच नव्हती.

अर्ज प्रलंबित आहे.