बारा मण्यांची वस्ती

बडा फुहाऱ्याच्या बाजारातल्या मण्यांच्या दुकानात भैयाशी घासाघीस केली हिंदीत, पण मणी मोजले मराठीत. मोजताना माणसाची घरची भाषा बाहेर पडतेच.

"...अठ्ठावीस, एकोणतीस, एकतीस—"

"तीस राहिले, मॅडम."

वळून बघितलं. हातात फळ्यावरचा मोठा लाकडी कंपास घेऊन एक उंच माणूस हसत उभा होता. मी रागानं बघितलं आणि पुन्हा एकपासून मोजायला लागले. दोनदा चुकले.

दुसऱ्या दिवशी तोच कंपास रांझीच्या आमच्या शाळेत, स्टाफरूममध्ये, माझ्याच टेबलावर. सौमित्र सर, अमरावतीचे. गणिताच्या अमिता मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, त्यांच्या जागी डिसेंबरपर्यंत.

मणी माझ्या बारावीच्या जीवशास्त्राच्या वर्गासाठी होते. स्टीलच्या डब्यात सहा लाल, सहा पांढरे, ही आमची वस्ती. दर बुधवारी एकानं डोळे मिटून सहा मणी काढायचे. ते जगले, बाकीचे बाद. मग जगलेल्या प्रत्येकाला त्याच रंगाचं एक पिल्लू द्यायचं, की पुन्हा बारा. लहान वस्तीत असं होता होता, कुणाचा काही दोष नसताना, नुसत्या नशिबानं एक रंग नाहीसा होतो. तो झाला की प्रयोग संपला.

आलेख काढायला मी सौमित्र सरांना बोलावलं. आलेख मलाही काढता येतो, पण ते सांगायचं कशाला?

मंगळवारी संध्याकाळी मी साडीला इस्त्री करू लागले. आईनं विचारलंच, "काहून गं, उद्या इन्स्पेक्शन आहे का?"

बुधवारी सर फळ्यावरच्या आलेखात ठिपका काढत, दोन पावलं मागे सरकून बघत, आणि न वळताच डस्टरसाठी हात मागे करत. मी डस्टर द्यायची... जरा सावकाश.

दिवाळीनंतर पांढरे दोनच उरले. "आता पुढच्या बुधवारी प्रयोग संपेलही," मी म्हणाले. सरांनी डब्याचं झाकण लावलं.

पुढच्या बुधवारी वर्गाआधी डबा उघडला. नऊ लाल, तीन पांढरे.

तीन? प्रत्येकाला जोड दिल्यावर आकडा समच यायला हवा. आणि डबा ठेवायच्या कपाटाची किल्ली आम्हा दोघांकडेच.

"सर, हा विषम आकडा कुठून आला?"

ते बोटांवरचा खडू चोळत राहिले. "घाईत एकच मणी बदलला. दोन बदलायचे होते."

"गणिताचे ना तुम्ही?"

"हो ना..."

"काहून केलं?"

"पांढरे संपले, तर बुधवारी मी कोणत्या कामानं येऊ, मॅडम?"

कामाशिवाय या. एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आले होते. पण तेवढ्यात मुलं आत आली, आणि मी पडले शिस्तीची बाई. त्यांच्या देखत तिसरा पांढरा मणी काढला, लाल टाकला.

त्यानंतरही सर येत राहिले. पण डस्टर स्वतःच उचलू लागले.

डिसेंबरात अमिता मॅडम परत आल्या. सर निघताना दारापाशी थांबले. "चलो मॅडम, येतो."

मी म्हणाले, "अच्छा." पाच महिन्यांच्या शेवटी मला एवढाच शब्द सुचला. त्याची चीड अजून गेलेली नाही.

पुढच्या बुधवारी सहाच्या सहा लाल निघाले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी पर्स उघडली, तो तिसरा पांढरा मणी काढला, एक लाल उचलून त्याच्या जागी ठेवला.

"ये तो चीटिंग है, मॅम," पहिल्या बाकावरची दीपा म्हणाली.

"चीटिंग नहीं. बाहर से आया है."

"एक से क्या होगा?"

"बहुत कुछ," मी म्हणाले आणि फळ्याकडे वळले. डोळे भरून आले होते.

मधल्या सुट्टीत डब्याचा फोटो काढून सरांना पाठवला. अकरा लाल, एक पांढरा. सोबत शब्द एकही नाही.

शाळा सुटताना उत्तर आलं. "विषम झालं, मॅडम."

या वेळी मी मुलांची, घंटेची, कशाचीच वाट बघितली नाही. लिहिलं, "कामाशिवाय या."

दोन निळ्या खुणा लगेच दिसल्या. त्यानंतर काही नाही... गुरुवार गेला, शुक्रवार गेला, रविवारही गेला.

आज मंगळवार. मी साडीला इस्त्री करते आहे, आणि आई काही विचारत नाही.