पुढच्या खुर्चीतला अंबाडा

अगं, तू आधी फक्त ऐक. मधे बोलू नकोस. शप्पथ, एक शब्दही खोटा नाही. गेल्या शनिवारची संध्याकाळ, ते जुनं नाट्यगृह, आणि आई माझ्या शेजारीच होती.

ताईच्या बॅले कंपनीचा शो. आजच्या पद्धतीचा बॅले, छोटे छोटे नाच. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ताई पहिल्यांदाच नाचणार होती, तेही एकटी. मला बजावून गेली, "बाकी काही बघू नकोस. माझा गुडघा डगमगतो का, तेवढं बघ. आई काय, कौतुकच करेल."

आणि मला काय दिसलं?

अंबाडा.

पुढच्या खुर्चीत एक बाई. भोपळ्याएवढा अंबाडा. मी डावीकडे सरकले की तीही डावीकडे. उजवीकडे, तर उजवीकडे. सगळे नाच पाण्यात.

"अहो, जरा खाली सरकून बसता का?"

ढिम्म.

आई म्हणाली, "कोणाशी बोलतेयस? लोक बघतायत."

मग त्या बाईचे हात दिसले...

ताई जेवणाच्या टेबलावर बोटांनी नाच करते, माहितीये ना तुला? दोन बोटं म्हणजे पाय, मनगट फिरलं की गिरकी. नाचणारे असंच पाठ करतात.

ती बाई खुर्चीच्या हातावर तेच करत होती.

ताईचाच नाच.

मी आईला कोपर मारलं. परत समोर बघते तर...

खुर्ची रिकामी.

म्हटलं, सुटले एकदाची. स्टेज लख्ख. ताई आली. पाठ आमच्याकडे. डोक्यावर अंबाडा. ताईचा तर बॉयकट, म्हटलं खोटा लावला असेल.

पूर्ण नाचात तिनं तोंड दाखवलंच नाही.

"किती ताटकळत ठेवतात," आई पुटपुटली. मी चिडलेच. पोटची पोर नाचतेय आणि ही कंटाळलीये.

शेवटची गिरकी, डावीकडे...

गुडघा दुमडला. ती पडली.

उठलीच नाही.

अंधार.

मी धावत आत गेले. ताई गुडघ्यावर बर्फ धरून बसलेली. रडून डोळे लाल.

"ऐन वेळी सुजला गं. सरांनी माझा नाच रद्द केला. तेवढा वेळ पडदा बंदच होता की."

"पण ताई, मी बघितलं. शेवटी डावीकडे गिरकी घेतलीस."

तिचा चेहरा उतरला.

"डावीकडे? ती मी आज दुपारी बदलली. अजून कोणालाच सांगितलेली नाही."

पुढचं मी बोललेच नाही. पडल्याचं.

आता सूज उतरलीये. रविवारी परत शो आहे आणि ताई नाचणारच. रोज टेबलावर बोटं चालवते, मनगट डावीकडे फिरवते, आणि मलाच विचारते, "तू बघितलंस ना? गुडघा नव्हता ना डगमगला?"

मी "नाही" म्हणते.

डोक्याचा नुसता भुगा झालाय माझ्या. खरं सांगितलं तर ती परत कधी स्टेजवर पाय ठेवणार नाही. नाही सांगितलं तर...

तू काय केलं असतंस गं?