बादलची हजेरी

शेलूबाजारच्या वरच्या अंगाले, सात किलोमीटरवर एक तांडा. त्या तांड्यात एक देवला, देवलाची एक कमलीबाई, आन् दोघाइच्या मधात पाच वर्साची एक लेक, संस्कृती. खाऊन-पिऊन बरं होतं त्याइचं. देवाजवळ एकच मांगणं होतं, का पोट्टीचं दुखणं जावं. तिले ताप चढला का झटका येये. डोळे वर जात, दातखिळी बसे. शेलूबाजारच्या डॉक्टरानं एक दवाई दिली होती. ताप आला का लगेच पाजायची आन् बाटली घरात कधी सरू द्यायची नाही, असं बजावून सांगतलं होतं.

ते बाटली सरली दोन हजार चोवीसच्या कार्तिकातल्या अवसेले. शनिवार होता.

अर्धा तांडा ऊस तोडायले गेलता. दारादाराले कुलपं. देवला मात्र घरी होता, आठच दिवस झाले होते त्याले जंगलातून सुटीवर येऊन. त्याचं काम काय, तं हत्ती वळखायचं. हसू नका. आमच्या लोकाइले जनावर वळखणं शिकवा लागत नाही. देवलाचा बाप शंभर ढोरात उभा राहून, अंधारात, नुसत्या चालीवरून सांगे का हा बैल कोणाचा. देवला गडचिरोलीकडं रस्त्याच्या कामावर गेलता, तिकडं रानटी हत्ती आलते. जंगलातल्या साहेबानं याची नजर पाह्यली आन् ठेवून घेतलं. रोज हत्तीच्या मागं जायचं, दुरून पाहायचं, कोणता दिसला ते छापील कागदावर लिवायचं. देवला चौथी शिकलेला, तेवढं येये त्याले.

पाहायचीही एक रीत होती. पहिले डावा कान, मंग उजवा कान, मंग शेपूट, आन् शेवटी सुळे. हर हत्तीच्या कानाले येगळी काप, येगळं भोक. त्याच्यावरून नावं ठेवलेली. सगळ्यात मोठा बादल. त्याचे सुळे एवढे लांब का मान खाली केली का गवताले टेकत. आन् डाव्या कानाले आंब्याच्या पानाएवढी काप.

तं त्या रात्री साडेदहाले पोट्टी तापली. कमलीबाईनं बाटली उलटी केली. थेंब नाही.

देवला माह्या दिराच्या पोराले, प्रेमसिंगले उठवायले गेला. फटफटी त्याच्याचजवळ होती.

"काबे देवला," प्रेमसिंग डोळे चोळत म्हणे, "एवढे हत्ती हायेत तुह्याजवळ, एखाद्यावर बसून जा ना. माही गाडी कायले पाह्यजे?"

"पोट्टी तापली गड्या."

मंग लगेच उठला तो. सुटर चढवलं, गाडी काढली.

देवला चप्पल घालून राह्यला होता तं संस्कृती बाजेवरून म्हणे, "बा, तो आज लय जवळ हाये."

"कोण वं?"

"मोठा. खिडकीच्या मांगं उभा राह्यते ना, तो. त्याच्या तोंडाले दोन खड्डे हायेत."

"आठ दिवसापासून हेच लावलं हाये तिनं," कमलीबाई म्हणे. "तुमी जा. आन् रस्त्यात बिड्या फुकत बसान तं याद राखा."

देवला जागीच थांबला. चप्पल एकाच पायात. प्रेमसिंगनं हे पाह्यलं, पण त्याले वाटलं याले लेकीची काळजी लागली.

शेलूबाजारले पोचले. मेडिकलवाला झोपलता, त्याले हाका मारून उठवलं. तो कुरकुर करत खाली आला, दवाई देल्ली. साडेअकराले दोघं परत निंगाले. बाटली देवलाच्या खिशात, वरून हात दाबून धरलेला.

हायवे सोडला का तांड्याचा रस्ता लागते. दोन्ही अंगाले माणूसभर उंच तूर. अवसेचा अंधार. थंडी अशी का गाडीवर डोळ्यातून पाणी गळे.

"बादल कसा हाये तुहा?" प्रेमसिंगनं सहज इचारलं.

मागं देवलानं बाटलीवरचा हात आणखी दाबला.

"झोपला का बे?"

"गाडी हाण."

थोडं पुढं गेले तं वास आला. प्रेमसिंगले वाटलं कोणाचं ढोर मरून पडलं असन वावरात. त्यानं नाकाले रुमाल लावला. वास मागं पडायले पाह्यजे होता, पडला नाही. संगच चालला.

मंग रातकिडे चूप झाले. सगळे. एकदम.

आन् गाडीचा उजेड थांबला.

प्रेमसिंग माह्यापुढं लेकराची शपथ घेऊन सांगते हे. गाडी चालू होती, लाइट चालू होता. पण उजेड दहा हातावर जाऊन थांबे. भितीवर पडल्यासारखा. त्याच्या पुढं रस्ता दिसे ना, तूर दिसे ना. काहीच नाही. नुसतं काळं. आन् ते काळं... हळूहळू खालीवर होऊन राह्यलं होतं. छाती होते ना आपली, तसं.

त्यानं ब्रेक मारला. गाडी बंद पडली. पण लाइट बंद झाला नाही.

"देवला... काय हाये ते?"

देवला खाली उतरला होता.

आवाज आला. सुपानं दाणे पाखडावे तसा. फडप... फडप... रातचे पावणेबारा, कोण पाखडते वावरात?

उजेडात एक कान आला. सुपाच्या चौपट. डावा कान. त्याच्या खालच्या कडेले काप होती. तो कान पसरला, आन् तसाच राह्यला. हालला नाही. कोणीतरी पाहावं म्हणून धरला होता तो.



मंग ते काळं फिरलं. पायाचा आवाज नाही, पाचोळा वाजला नाही. उजवा कान आला. पसरला. थांबला. मंग परत फिरलं. शेपूट आलं, बाजूले झालं. थांबलं.

"तो हजेरी देऊन राह्यला," देवला म्हणे. अगदी हळू. "माह्या कागदासारखी... त्याच रीतीनं."

"कोण?"



तेवढ्यात खिशातला फोन वाजला. कमलीबाई.

"कुठं हायेत तुमी? झटका आला पोट्टीले! डोळे फिरवले तिनं! दवाई भेटली का नाही?"

"भेटली. आलो."

"ते पाय झाडून राह्यली वो... या ना लवकर!"

प्रेमसिंगनं देवलाचा हात धरला आन् तुरीत घुसला. म्हणे वावरातून जाऊ, दोन किलोमीटर तं राह्यलं, पळत जाऊ. पन्नास पावलं गेले असन. पुढं वास. पुढं ते काळं. तुरीचं एक झाड मोडलेलं नाही आन् ते पुढं उभं. डाव्या अंगाले वळले. तिकडंही तेच. परत रस्त्यावर आले. गाडीच्या उजेडात ते होतंच.

आता शेवटचं राह्यलं होतं. कान झाले, शेपूट झालं.

तोंड खाली आलं.

सुळे नव्हते. तिथं दोन खड्डे होते. कुऱ्हाडीनं फोडल्यासारखे. आन् आतून वारा येये... गरम... थांबून थांबून.

प्रेमसिंग खाली बसला. त्याले धोतरात मुतायची पाळी आली, तो स्वतःच सांगते, लाजत नाही. पण देवला उभाच. त्याच्याकडं पाहे. दोघंही एकमेकाकडं पाहात. कितीक वेळ.

फोन पुन्हा वाजला. देवलानं उचलला नाही. तो वाजून वाजून चूप झाला.

मंग देवला बोलला.

"तू बादल हायेस." तो एक पाऊल पुढं गेला. "मी वळखलं तुले. तवाही वळखलं होतं."

फडप.

"मी तीन दिवस झोपडीतून निंगलोच नाही. पाणी पडत होतं. शेकोटीपाशी बसून लिवत गेलो. बादल दिसला. दुसऱ्या दिवशी, बादल दिसला. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी नाल्यात तू सापडला. सुळे कापून नेलेले. तीन दिवसाचा मेलेला. साहेबानं इचारलं, हा कोण? म्या कान पाह्यला... पण कागदावर तू कालच दिसला होतास. मी खोटा पडलो असतो. म्हणून म्हणलो, हा बाहेरचा हाये, म्या कधी पाह्यला नाही याले."

समोरचं हाललं नाही.

"माफ कर मले. जाऊ दे. पोट्टी मरते माही."

हाललं नाही.

प्रेमसिंग म्हणते, तवा देवलानं फोन काढला. जंगलातल्या साहेबाले लावला. घंटी वाजत राह्यली. मंग झोपेतला आवाज आला.

"देवला? अरे, किती वाजले?"

"साहेब, कागद घ्या."

"उद्या बोल. उद्या."

"उद्या नाई साहेब. आता लिवा. नाल्यातला तो बादल होता."

मंग साहेब म्हणे, "तुझ्याच कागदावर, तो हत्ती मेल्यावरही बादल दिसलाय."

"खोटं हाये ते. तिन्ही दिवस खोटं."

"दारू प्यालास का? नोकरी जाईल तुझी, कळतंय का?"

"लिवा ना साहेब. पाया पडतो. तो उभा हाये."

"कोण उभा आहे?"

देवलानं फोन पुढं केला. त्या काळ्याकडं. फोन धरूनच उभा राह्यला.

वारा आला. गरम. थांबला. पुन्हा आला.

बऱ्याच वेळानं फोनातून कागदाची सळसळ आयकू आली. साहेबाचा आवाज बारीक झालता. "लिहितो. बादल... मेला. कोणत्या दिवशी?"

"मले ठाऊक नाई साहेब. मी पाहायले गेलोच नव्हतो. तेही लिवा."

"लिहिलं."

आन् गाडीचा उजेड सुटला. धावत गेला थेट, रस्ताभर, दूरच्या लिंबापर्यंत. समोर काही नाही. रातकिडे वाजायले लागले.

घरी पोचले तं कमलीबाई पोट्टीले मांडीवर घेऊन दारातच बसली होती. पोट्टी झाडायची थांबली होती, पण अंग लाकडासारखं. चमच्यानं दातखिळी उघडली, दवाई पाजली. देवला तिचे तळपाय चोळत बसला रातभर. पाटेच्या पाराले पोट्टीनं डोळे उघडले आन् म्हणे, "माय, दुधात भाकर दे."

त्याच्या मंग तिले झटका आला नाही. आजपर्यंत नाही.

देवलाची नोकरी गेली. जायचीच होती. पण बादल कोणत्या वाटेनं फिरे ते साहेबाले ठाऊक होतं. बाहेरचा हत्ती समजून मारणाऱ्याइले आधी पूर्वेकडं शोधलं होतं, आता त्याच्या वाटेनं माणसं पाठवली. तिथं झाडोऱ्यात इजेची जिती तार पसरलेली सापडली. पाच हत्ती पिल्लं घेऊन त्याच वाटेनं येऊन राह्यले होते, दोन कोसावर होते म्हणतात. तार लावणारेही धरले गेले.

पाडव्याच्या आठ दिवस आधी साहेबाचा फोन आला. म्हणे, "कागदावर 'दिसला नाही' असं लिहिणारा माणूस पाहिजे मला. येतोस?" बायको-लेकराले घेऊन ये, रहायले खोली देतो, म्हणे. कमलीबाईनं त्याच रात्री भांडे बांधले. आता संस्कृती तिकडच्याच शाळेत जाते. मागल्या दिवाळीले आली होती, गालं भरले तिचे. मले हत्तीचं चित्र काढून दाखवे, पहिले डावा कान काढे.

आन् त्या रात्रीचं म्हणसान तं मी सकाळी गेलते पोट्टीले पाहायले. खिडकीच्या वर, भितीवर, मातीचा पट्टा होता. ओली माती कोणी अंगानं घासून लावावी तसा, हातभर रुंद. प्रेमसिंग बाजेवर उभा राह्यला, हात वर केला, तरी पुरला नाही. माती लाल होती. आमच्या साऱ्या शिवारात लाल माती कुठंच नाही. दोन पावसाळे झाले त्याच्यावर, भितीचा चुना सारा उतरला.

तो पट्टा तसाच हाये.