भरल्या गाडीचं माप

पिकअप दुकानासमोर थांबली तेव्हा पंचशीलानं आधी नंबरप्लेट बघितली, मग टायर, आणि सगळ्यात शेवटी माणूस. गिऱ्हाइकाचं तोंड बघायची तिला कधी घाई नसायची. पण या वेळी जरा जास्तच वेळ बघितलं गेलं — सावळा, शिडशिडीत, भुवयांवर पांढरी धूळ — आणि त्याबद्दल ती संध्याकाळपर्यंत स्वतःवर चिडून होती.

नंबर नांदेडचा. इथंच पहिली पाल चुकचुकली. चाकूरच्या बाहेर, रस्त्याकडेला एक पत्र्याचं शेड, त्यावर ‘शृंगारे कमान-पाटे’ अशी रंग उडालेली पाटी. एवढ्यासाठी नांदेड सोडून कुणी येतं होय?

“मिस्त्री कुठं हायत?” त्यानं विचारलं.

“मीच.”

बाकीचे इथं एकदा हसतात आणि मग ‘ताई’ म्हणतात. हा हसला नाही. “मग मिस्त्री,” तो म्हणाला, “गाडी उचलायची हाय. सहा इंच. आन् टायर मोठे.”

त्यानं मोबाइल पुढं केला. कुठल्यातरी परमुलखातल्या वाळवंटात एक पिकअप ट्रॅक्टरएवढ्या टायरांवर ऐटीत उभी होती. “ह्याला लिफ्ट किट म्हणत्यात. डब्यात सगळं तयार येतंय म्हणं.”

“वाहता काय?”

“कडबा.” उत्तर जरा जास्तच लवकर आलं.

 पंचशीला गोणपाट टाकून गाडीखाली सरकली आणि चाकावर गाडीचा भार पेलणाऱ्या कमानीच्या पाट्यांमधून तिनं बोट फिरवलं. बोट तांबडं झालं. गंज होता, आणि गंजात बारीक चमचमणारी वाळू.

“कडब्यानं गंज चढत न्हाई,” ती खालूनच म्हणाली. “आन् कडब्यातून वाळू बी गळत न्हाई.”

बाहेर दोन पाय चुळबुळले. “रस्ता... जरा वाळूचा हाय.”

“हो का!”

आता पोरीचा स्वभावच संशयी, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. गेल्या वर्षी तिनं पाटे वाढवून दिलेली एक गाडी चोरीच्या वाळूसकट पकडली गेली, आणि ‘वाळूचोरांना गाड्या तयार करून देता’ म्हणून महसूलच्या पथकानं थेट दुकानाला सील ठोकलं. तीन महिने! तिचे बाबा, भीमा शृंगारे, जॅक-हातोड्यात कंबर गेलेला माणूस. बाजेवर पडून रोज त्या सीलाकडं बघत राहायचे. पंचशीलानं कचेरीचे उंबरे झिजवले, हमीपत्र लिहून दिलं, तेव्हा कुठं दार उघडलं. परत एकदा असं झालं तर दुकान कायमचं बंद, असं त्या कागदावर तिच्याच सहीनं लिहिलेलं होतं. बापलेकीचं पोट आणि पंचशीलाचं नाव, दोन्ही त्या पत्र्याखाली होतं.

त्यात साल दुष्काळाचं. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, नद्यांची पात्रं उघडी पडलेली, वाळू काढणाऱ्यांना रान मोकळं. वर नवा जिल्हा होणार अशी हवा. कुठलं गाव कुठं जाणार यावरून टपरीटपरीवर भांडणं. नवा जिल्हा म्हणजे नव्या इमारती, आणि इमारती म्हणजे वाळू. नांदेडची पिकअप, सहा इंच उंच, पात्रात न रुतणारे मोठे टायर... यात न समजण्यासारखं काय होतं?

“आमच्याकडं भरल्या गाडीचं माप घेतात,” ती अंग झटकत उठली. “कमान किती दबती ते बघितल्याबगर पाटा लावत न्हाई. माल भरून आणा.”

“रिकामी गाडी खोटं बोलती,” बाजेवरून बाबांनी साथ दिली.

“बरं काका. जय भीम.” तो माठाकडं वळला. वरूनच दोन घोट पाणी घेतलं, अर्धा पेला उरला तो जपून झाकून ठेवला. “हे ऱ्हाऊ द्या. वाया नका घालू.”

जाताना नाव सांगून गेला — व्यंकट. पंचशीलानं त्या अर्ध्या पेल्याकडं बघितलं. चोर इतका मायाळू? मग तिला वाटलं, मुरलेला असेल.

दोन दिवसांनी व्यंकट खरंच कडबा भरून आला. पेंढ्यांचा डोंगर! पंचशीलानं पट्टी लावली. कमान बोटभरसुद्धा दबली नव्हती.

“ह्याला सहा इंच कशाला? एवढं तर सायकलवर जातं.”

“तुम्ही चालवताव का सायकल?”

“विषय बदलू नका.”

“न्हाई बदलत.” तो गालात हसला. “फक्त विचारून राहिलो.”

“हे बघा,” ती समजावायला लागली, कारण कामाचं बोलताना तरी आवाज सरळ निघायचा. “सहा इंच उचलली का गाडीचं सगळं वजन वर जातं. भरली असताना वळणावर आडवी होईल. डब्यातलं किट फोटो काढायला चांगलं.”

व्यंकटचं हसू गेलं. त्यानं तिच्याकडं नीट, अगदी नीट बघितलं. “आन् मिस्त्री... माल पातळ असला तर?”

“पातळ?”

“म्हंजे... हिंदकळणारा. समजा.”

पंचशीलाच्या डोक्यात घंटाच वाजली. वाळू नव्हे तर डिझेल! नाहीतर दारू! “खरा माल भरून आणा,” ती फणकारली, “न्हाईतर दुसरं दुकान बघा. आन् मला फसवू नका. मला फसवलेलं... लई लागतं.”

हे शेवटचं तिला बोलायचं नव्हतं. निसटलं. 

“उद्या सकाळी चला माझ्यासंगं,” तो हळूच म्हणाला. “माप तिथंच घ्या. पण एक वचन द्या. जे बघाल ते कुणाला सांगायचं न्हाई.”

“चोर असंच म्हणतात.”

“चोर मिस्त्रीला घेऊन जात न्हाईत हो!”

बाबांनी परवानगी दिली. एक अट घातली. “मोठा पाना संगं ने. बारीक नको.”

तर अशी ही आपली नायिका — मांडीवर दोन हातांनी पाना धरून, खिडकीबाहेर बघत, पहिल्यांदा एका तरण्याताठ्या पुरुषाच्या शेजारी बसून निघाली. अहमदपूर मागं पडलं. व्यंकट अधूनमधून पान्याकडं बघायचा आणि ओठ दाबायचा.

“हसायचं काम न्हाई.”

“हसलो का? भ्यालोय मी.”

मन्याडच्या काठी, बाभळींच्या आड एक विहीर निघाली. कठड्याशी एक म्हातारी मोटार चालू करून उभी होती. व्यंकटची मावशी, कोंडाबाई.

“ही कोण?” मावशीनं डोळे बारीक केले. संशयात ती पंचशीलाच्या वरताण होती.

“मिस्त्री.”

“मिस्त्री अशी असती?”

पिकअपवरचा कडबा उतरला. खाली टाकी होती, दीड हजार लिटरची. पाइपातून पाणी कोसळायला लागलं आणि पंचशीलाच्या तोंडावर थंड तुषार उडाले. कित्येक महिन्यांत तिनं एवढं पाणी एका जागी बघितलं नव्हतं. तिला उगाच रडू आलं.

मग व्यंकटनं सांगितलं. नदीपल्याड खापरवाडी, त्याचं गाव, चाळीस घरं. तिथं टँकर येत नाही. या जिल्ह्याची कचेरी म्हणते तुम्ही त्या जिल्ह्यात, आणि तिकडची म्हणते नव्या जिल्ह्याचं ठरू द्या, मग यादीत घेऊ. ठरेपर्यंत माणसांनी काय प्यायचं? मावशीच्या विहिरीला पाणी आहे, पण कुणाला कळलं तर सरकार विहीर ताब्यात घेणार, आठ दिवसांत टँकर लागून तळ दिसणार. म्हणून वर कडबा. सडक नाही, पात्रातून, खडकावरून आणि वाळूतून जायचं. गाडी खाली घासते, चाकं रुततात.

“मग पहिल्या दिवशीच सांगायचं होतं.”

“मावशीला शब्द दिला होता. रात्री तिच्या हातापाया पडलो, तवा तुम्हाला आणू दिलं तिनं.”

टाकी भरून वर परत कडबा रचला गेला, तशी पंचशीलानं पट्टी काढली. भरल्या गाडीची कमान चांगली चार बोटं दबली होती. तिनं आकडा लिहून घेतला आणि मुकाट बसली. वाईट इतकंच वाटत होतं, की एवढा चांगला माणूस आपण चोर ठरवला.

पण पात्राच्या मध्यावर पोचतात न पोचतात तोच समोर सरकारी जीप आडवी आली. वाळूचं पथक! जीपमधून साहेब उतरले, आणि पंचशीलानं त्यांना लगेच ओळखलं. हेच साहेब गेल्या वर्षी चाकूरला होते. सील त्यांच्याच हातचं.

“शृंगारेची मुलगी ना तू?” साहेबांनी टायरांतली वाळू बघितली, वरचा कडबा बघितला. “परत तेच? हमीपत्र विसरलीस?”

व्यंकटचा चेहरा उतरला. त्यानं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा मागं बाभळींकडं. “साहेब, यांचा काही संबंध न्हाई. मी सांगतो सगळं. त्या तिथं एक—”

तो विहीर सांगणार होता. तिचं दुकान वाचवायला चाळीस घरांचं पाणी सांगून टाकणार होता! पंचशीलानं त्याचं मनगट घट्ट धरलं.

“गाडीत पाणी हाय, साहेब,” ती म्हणाली.  “मी माप घ्यायला आले. चढा वर, हात घालून बघा. वाळूचा एक खडा निघाला तर आजच माझ्या दुकानाला सील लावा. मी आणखी एक सही देते.”

साहेब चढले. पेंढ्या बाजूला केल्या, टाकीत कोपरापर्यंत हात घातला. उतरले तेव्हा बाही ओली होती.

“पाणी कुठलं?”

“ते लिहायचं असंल तर कुठं चाललंय ते बी लिहा. खापरवाडीला. चाळीस घरं. तिथं टँकर का जात न्हाई, ते तुमच्या यादीला माहीत.”

साहेब बराच वेळ बाही पिळत उभे राहिले. वही उघडली, मिटली. “ऊन व्हायच्या आत जा,” एवढंच म्हणाले, आणि जीप बाजूला घ्यायला लावली.

गाडी पार पलीकडच्या काठाला लागली. मनगट अजून तिच्या हातातच होतं हे तिच्या तिथं ध्यानात आलं. तिनं चटका बसल्यासारखं सोडलं.

“दुकान पणाला लावलंत तुम्ही... माझ्यापायी,” व्यंकट म्हणाला.

“इश्वास ठेवून न्हाई काही! टाकीत मी आधीच डोकावले होते. दोनदा.”

तो इतका हसला की गाडी थांबवावी लागली.

“हसू नका. नांदेडात कमानवाले मेलेत का, हे विचारायचं अजून राहिलंय.”

“तिघांकडं गेलो, मिस्त्री. तिघंबी म्हणाले, सहा इंच? करून देतो. काय वाहतो, कुठून जातो, कुणी इचारलंच न्हाई. मग एक ड्रायव्हर म्हणाला, चाकूरला एक पोरगी हाय, लई शक घेती, डोकं खाती, पण तिनं बसवलेली गाडी पलटत न्हाई.” तो थांबला. “भरली टाकी घेऊन उतरताना मला रोज मरणाची भीती वाटती. मला शक घेणारंच माणूस पाहिजे होतं.”

 पंचशीलाला आलेली दोन स्थळं ‘मुलगी फार प्रश्न विचारते’ म्हणून परत गेली होती. हे असं कुणी म्हणालं नव्हतं. ती खिडकीबाहेर बघत राहिली आणि कानाच्या पाळ्या लाल होऊ नयेत म्हणून धडपडत राहिली.

काम चार दिवसांत झालं. सहा इंच नाहीच. दोन इंच, मागं एक पाटा जास्तीचा, टायर एका नंबरानं मोठे आणि रुंद. वाळूत उतरताना हवा थोडी कमी करा, सडकेला लागलं की भरून घ्या, असं तिनं तीनदा बजावलं. गाडी गेली. चार दिवस गेले, सहा गेले... कुठली पिकअप वाजली की पंचशीलाची मान वळायची, आणि बाबा बाजेवर उगाच खोकायचे.

दहाव्या दिवशी तो आला. “मागं डावीकडं खडखड वाजून राहिलंय.”

ती खाली सरकली. काम झाल्यावर प्रत्येक नटावर ती पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायची; नट हलला की रेघ तुटलेली दिसते. डावीकडच्या एका नटाची रेघ तुटली होती, आणि नटावर पान्याचे ताजे ओरखडे होते.

ती बाहेर आली. तोंड लालभडक. “हा नट आपोआप सैल झालेला न्हाई.”

व्यंकट जमिनीकडं बघायला लागला.

“कुणी केला?”

“...मी.”

“जीव गेला असता तुमचा!”

“गाडी रिकामी हाय. वाडीवर पाणी टाकून आलो. अन् सैल तर इथंच केला, त्या लिंबाखाली. दोनशे पावलं हळूहळू आलो.” त्याचा आवाज अगदी बारीक झाला. “काय करू? तुम्ही लावलेलं काहीच बिघडत न्हाई. मग येऊ कसा?”

हसावं की पाना फेकून मारावा हेच पंचशीलाला कळेना. पण डोळे भरून आले ते आलेच.

“माझ्या बापाच्या दुकानाला मी सील लावून घ्यायला निघाले होते तुमच्यासाठी. भर पात्रात, साहेबासमोर. अन् तुम्हाला माझ्याकडं यायला अजून नट सैल करावा लागतो?”

रस्त्यावरून एक ट्रक धूळ उडवत गेला. धूळ खाली बसली तरी व्यंकट तिच्याकडंच बघत होता.

“मग उद्या...?”

“उद्या या. परवा बी या. धडधाकट गाडी घेऊन या. मला तुम्ही आवडता, तुमची खडखड न्हाई.”

“मला तर पहिल्याच दिवशी... तुम्ही गाडीखालून बोलला ना, कडब्यातून वाळू गळत न्हाई म्हणून... तवाच.”

“आधी नट आवळा रे बाबांनो,” बाजेवरून आवाज आला. “मग बोला काय ते.”

व्यंकट पाना घेऊन गाडीखाली सरकला. नट घट्ट आवळला आणि हात पुसत, हसत बाहेर आला. त्यानंतर पंचशीला स्वतः खाली गेली आणि तो नट तिनं परत एकदा तपासून बघितला.