थरथरीवर जगणारा पूल

वाघुली नदीवर गोऱ्या साहेबाने बांधलेला रेल्वेपूल एकशे चाळीस वर्षं टिकला, कारण त्यात गरजेच्या चौपट लोखंड होतं. ही उधळपट्टी डॉ. हेमांगी खानविलकरांना पहिल्यापासून खुपायची. त्यांनी त्या जागी जिवंत पोलादाचा पूल उभा केला. त्यातली सूक्ष्मयंत्रं, म्हणजे कणवाहक, थरथर नसेल तिथले कण उचलून असेल तिथे नेऊन बसवत. आपली हाडंही साधारण असंच करतात. पहिल्याच वर्षी पुलाने स्वतःची पायवाट खाऊन टाकली, मग रुळांमधला तळ. उरल्या रुळांखालच्या दोन तुळया. त्या दिवशी प्रयोगशाळेत पेढे वाटले होते.

"पण गाडी पुलावर थांबली तर?" धातुतज्ज्ञ रझाक मुल्लांनी तेव्हाच विचारलं होतं.

"पुलावर गाडी थांबवत नाहीत, रझाकभाई. आपल्या आजोबांच्या वेळेपासूनचा नियम आहे तो."

आज दुपारी वीज गेली आणि गाडी पुलाच्या मधोमध थांबली. गाडीत चारशे प्रवासी होते, आणि हेमांगींचा नवरा दिगंबर. खाली पूर. गाडीच्या गार्डने शिरस्त्याप्रमाणे घोषणा केली, "जागेवर शांत बसून राहा." बिचारे सगळे शांत बसले.

"वजन आहे, पण थरथर नाही," नियंत्रण कक्षात रझाक म्हणाले. "पुलाच्या लेखी वर कोणी नाहीच. कणवाहक तुळया पोखरायला लागलेत. फार तर दोन तास. दुसरं इंजिन यायला चार लागतील."

"कणवाहक बंद करा."

"ती सोय आपण ठेवली नाही, मॅडम. तुम्हीच नको म्हणालात."

लोकांना उतरवावं, तर पाय ठेवायला जागा पुलाने कधीच खाल्ली होती. हेमांगींनी दिगंबरला फोन लावला.

"दिगू, सगळ्यांना उठव. नाचा, पाय आपटा, काहीही करा. फक्त थांबू नका."

कोणीतरी लेझीमचा ठेका धरला. पडद्यावर मधल्या तुळयांची जाडी वाढू लागली. कक्षात टाळ्या पडल्या. हेमांगींना रडू फुटलं.

टाळ्या वाजवल्या नाहीत त्या एकट्या रझाकनी.

"मॅडम, हे पोलाद येतंय कुठून?"

त्यांनी पडद्याच्या कडेला बोट ठेवलं. तुळया जिथे खांबांवर टेकत होत्या, तिथवर गाडी पोचत नव्हती. तिथे नाचायला कोणी नव्हतं. ती टोकं झिजत चालली होती.

"नाचणं थांबवलं तर?"

"मधला भाग जाईल."

"आणि चालू ठेवलं तर?"

"टोकं जातील."

फोनवर दिगंबर धापा टाकत होता. "हेमा, आकडे चढतायत ना गं? इथे सत्तरीच्या आजीबाईसुद्धा नाचतायत बघ!"

हेमांगींनी पडद्यावरच्या झिजत्या टोकांकडे पाहिलं. खरं सांगून कोणाचं भलं होणार होतं?

"हो रे, चढतायत," त्या म्हणाल्या. "छान चाललंय."

"ऐकलंत का?" तो डब्यात ओरडला. "पूल भक्कम होतोय! आणखी जोरात!"

पावलांचा दणदणाट दुप्पट झाला, आणि टोकांचे आकडे दुप्पट वेगाने उतरू लागले.