नवऱ्याच्या जागी गेलेला

हे माझ्याच घरात घडलं. वेड लागलं असतं तर बरं झालं असतं, पण मी शुद्धीवर होते.

१८३१ चा नोव्हेंबर. हॉलंडमधलं लायडन. चारलाच अंधार पडला होता.

त्या उन्हाळ्यात बेल्जियमवर चालून जायला नगररक्षक पलटणीत माझ्या नवऱ्याची, विब्रांटची चिठ्ठी निघाली. यांनी आपल्या जागी क्रेलिसला पाठवलं. आमच्या गल्लीतल्या विधवा नेल्चेचा एकुलता मुलगा. पैसे मोजून बदली माणूस पाठवायची मुभाच होती.

क्रेलिस लढाईत गेला. परत आला तो नुसता गणवेश, तोही आमच्या घरी, कारण त्याचे पैसे यांनी भरले होते.

आणि आमचे हे तोच गणवेश घालून चित्र काढून घ्यायला निघाले!

"लाज कशी वाटत नाही तुम्हाला?"

"आलेदा, गल्लीत प्रत्येकाच्या बैठकीत गणवेशातलं चित्र आहे. ते नसेल तर मला नगरसभेत कोण उभं करेल?"

चित्रकाराने गणवेश आधीच लाकडी पुतळ्यावर चढवून रंगवला होता. चेहराही होत आला होता. शेवटचा हात फिरवायला त्याने यांना कोट घालून बसवलं.

यांनी कोट चढवला...

थोड्या वेळाने कुंचला थांबला.

"साहेब, मी तुमचे डोळे निळे रंगवलेत."

"मग?"

"आता तपकिरी दिसतायत..."

मी वाकून बघितलं. तपकिरीच होते. क्रेलिसचे होते तसे.

तेवढ्यात दार वाजलं.

नेल्चे होती. "बाई, लेकाचा कोट एकदा हाताळू दे गं."

ती आत आली. यांच्याकडे बघत राहिली...

"क्रेलिस?"

"काकू, अहो, हे तर..." मी म्हणाले.

पण हे उठले.

"आई, भूक लागलीय."

तिने हात धरला. दोघं निघाली. "विब्रांट! अहो!" मी ओरडत मागे धावले. त्यांनी वळूनसुद्धा बघितलं नाही.

कोपऱ्यावरचा पाववाला हसला. "काय रे क्रेलिस, आलास होय जिवंत!"

मी किंचाळून सांगितलं, हा माझा नवरा आहे. पाववाल्याने टोपी काढली. "धीर धरा, बाई. विब्रांटसाहेब शूर होते. गावासाठी गेले."

सगळं गाव तेच म्हणतं. नगरसभेने ते चित्र मानाने दालनात लावलंय.

मीही एकदा बघायला गेले. शेजारी उभ्या बाईने विचारलं, "कोण हो तुमचे?"

"नवरा," मी म्हणाले. "लढाईत गेला."

तोंडातून निघून गेलं...

आणि क्षणभर मला ते खरंच आठवलं.